आईचे नऊ सेकंद

अहिल्यानगर
२४ नोव्हेंबर २०२४

आई,

इथूनच तुझ्या आणि अण्णांच्या पाया पडते.

फोन कायम अण्णांच्या खिशात असतो आणि ते "बरं हाय, ठेव" याच्यापुढे बोलत नाहीत. म्हणून हे पत्र. शिवाय उन्हाळ्यात तू जोडाक्षरांपर्यंत आलीस, ती ऊसतोडीच्या पाच महिन्यांत विसरू नयेस हाही माझा हेतू आहे. सोबत सहा रिकामी पाकिटं पाठवते. तिकीट लावलंय, पत्ता लिहिलाय. तळावरच्या किराणा दुकानदाराला दिलीस की तो पोस्टात टाकेल.

मी आता काय काम करते ते तुला नीट सांगायचं राहिलंच. सावेडीत एक छोटा स्टुडिओ आहे. सुमंत सर मालक, करण कॅमेरा चालवतो, ईरा आणि मी कॉम्प्युटरवर व्हिडिओ जोडतो. ईरा माझ्याआधी दोन वर्षांपासून आहे. सध्या मी कीफ्रेम शिकतेय. समज, पडद्यावर एखादी गोष्ट इकडून तिकडे सरकवायची आहे. तर सुरुवातीला एक खूण करायची: इथून निघ. शेवटी दुसरी खूण: इथे पोच. त्या खुणेला कीफ्रेम म्हणतात. दिसायला ती शंकरपाळीसारखी असते. मधला सगळा प्रवास कॉम्प्युटर स्वतःच करतो.

मला ते खरंच वाटेना. न सांगता मधलं काम कोण करतं? म्हणून एका लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्या मुलाचं नाव डावीकडून उजवीकडे न्यायला मी एकावन्न शंकरपाळ्या ठेवल्या. नाव असं थरथरत गेलं की ईरा म्हणाली, "नवरदेवाला हिवताप झालाय का गं?" सर हसले नाहीत. म्हणाले, "राजेश्वरी, खुणा दोनच. मधलं सोडून द्यायला शीक."

आई, मी हे फक्त लग्नांसाठी शिकत नाहीये. आपल्या तळावरच्या बायकांचं काम कुणी नीट दाखवलेलं नाही. एक दिवस मी दाखवीन. आणि बघ, सुरुवात आपोआपच होतेय. तुमच्याच कारखान्याचा माहितीपट करायचं काम सरांना मिळालंय. आठ डिसेंबरला करण तुमच्या फडात येईल. मी सरांना अजून सांगितलं नाही की तुम्ही तिथे आहात. ओळखीनं नको, माझ्या कामानं नाव व्हावं असं वाटतं. तुम्ही घाबरू नका. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आपलं काम करत राहायचं.

तुझी राजी


ऊसतोडीचा तळ, घोडेगावजवळ
१२ डिसेंबर

राजी,

तुजं पत्र दोन दिसात वाचून झालं. जोडाक्षरं लई घातलीस. तरी समदं वाचलं.

आदी मला कळंना. फ्रेम म्हंजी मेलेल्या मानसाचा फोटो ज्यात घालत्यात ती. मी शेजारच्या खोपीतल्या लंकाबाईला म्हनलं, पोरगी यवडी शिकली आन् फ्रेमा करती. ती म्हनली, कर की, मानसं मरायची थोडीच थांबत्यात. मंग पुडं वाचलं तवा कळलं ती येगळी फ्रेम. दोगी लई हसलो.

मधलं मशीन करतं हे बरं हाय. आमच्या मधलं कोन करत न्हाई. ऊस तोडला की मोळी बांदा, बांदली की डोक्यावर घ्या, टॅक्टरपातुर न्या.

तुजा कॅमेरावाला आल्ता. चांगला हाय, मावशी मावशी करत हुता. मी जांबळी साडी नेसले. तुज्या सुलीमावशीच्या लग्नातली. वर रोजचा शर्ट घातला न्हाई, नायतर साडी कुटं दिसंल? पाचट लई लागलं हाताला, पन लागू दे. मुकादम म्हनला, "बायडाबाई, आज लगीन कुनाचं?" मी म्हनलं, "माज्या राजीचा कॅमेरा हाय." त्यो म्हनला, "कॅमेरा उसाचा हाय, तुजा न्हाई." कॅमेरावाला तवा लांब हुता, त्याला ऐकू गेलं न्हाई.

तू म्हनलीस बगू नको. मी बगितलं. अन्ना मोळी वर देत हुते, मी मागं हुते. मला वाटलं आत तू बसलीस आन् बगतीस. म्हनून पदर नीट केला आन् जरा हसले. चालंल ना?

पिच्चर कदी दाकवनार ते लिव. समद्या बाया इचारत्यात.

तुजी आई बायडाबाई


अहिल्यानगर
४ जानेवारी २०२५

आई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. काम फार होतं.

माहितीपट पूर्ण झाला. सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या मैदानात झेंडावंदनानंतर मंडपात दाखवणार आहेत. तुम्हाला त्या दिवशी सुट्टी असेल नसेल, आणि मंडपात गर्दी असते, तेव्हा गेलं नाही तरी चालेल.

या महिन्यात मी एक नवीन गोष्ट शिकले. दोन खुणांमधली हालचाल एकाच वेगानं झाली की ती यंत्रासारखी वाटते. म्हणून निघताना हळू, मध्ये जरा वेग आणि थांबताना पुन्हा हळू असं करायचं. मग बघणाऱ्याला वाटतं कॅमेरावाल्यानंच मान वळवली. सर म्हणाले, आता तुझा हात बसला. ईरालाही आवडलं.

तुझी साडी छान दिसत होती. पण आई, करणनं चार तासांचं चित्रण आणलं आणि माहितीपट सात मिनिटांचा आहे. त्यात सगळ्यांनाच घेता येत नाही. बायकांना तसं सांगून ठेव.

हातावर पाचटाचे चरे पडले असतील. खोबरेल लाव. शर्ट घालत जा.

राजी


तळ
२८ जानेवारी

राजी,

आमी गेलो हुतो. नळाला पानी यायच्या आदी सैपाक केला आन् समद्या बाया गेलो. अन्नांनी दाडी केली.

पिच्चर लई मोटा हुता, भिंतीयवडा. आदी सायबं दिसली, मंग मशिनी, मंग ऊस. मंग आपला फड आला. लंकाबाई वरडली, "बायडे, अन्ना बग!" अन्ना मोळी वर देत हुते. आता मीच येनार म्हनून मी पदर घेतला डोक्यावर, तितं बसल्या बसल्या. तवाच पिच्चर हळूहळू टॅक्टरकडं सरकला. मोटा झाला. माज्या जांबळ्या पदराचा कोपरा आला कडंला आन् गेला.

लंकाबाई म्हनली, "बाई गं, मुकादमाच्या वहीत नवरा बायको मिळून एक कोयता. तुज्या पोरीनं अर्दाच कोयता दाकवला." समद्या हसल्या. मी बी हसले. मंग ती म्हनली, "राजी इसरली का गं तुला?" मी म्हनलं, "इसरंल कशी, कॅमेऱ्यानं घेतलंच न्हाई तर ती काय करनार."

राजी, चुकी माजी हाय. तू सांगितलं हुतंस बगू नको, मी बगितलं. आन् जांबळी साडी उसात कुनी नेसतं का? तुज्या सरांचं काम बिगडलं आसंल. तुला बोलले का? माज्यामुळं तुला बोलनं खावं लागलं आसंल तर माप कर. फुडच्या बारीला शर्ट घालीन.

तू लिवलं हुतंस जाऊ नका म्हनून. तवाच कळाया पायजे हुतं.

तुजी आई


अहिल्यानगर
३ फेब्रुवारी

आई,

तू माझी माफी मागू नकोस. ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

कॅमेऱ्यानं तुला घेतलं होतं. पूर्ण घेतलं होतं. नऊ सेकंद. अण्णांच्या मागे तू उभी आहेस, पदर सारखा करतेस, सरळ आत बघतेस आणि हसतेस. मी तुला काढलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

कसं ते सांगते. तू दिसायला लागतेस त्याच्या जरा आधी एक खूण केली: चित्र आहे तेवढंच. पुढे दुसरी खूण केली: चित्र दीडपट मोठं आणि बाजूला सरकवलेलं. चित्र मोठं केलं की कडेचं सगळं बाहेर जातं. तू कडेला होतीस. मागच्या पत्रात निघताना हळू, थांबताना हळू असं मी लिहिलं ना, ते यावरच शिकले. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा! तिथे कुणी होतं हे कळतच नाही." ती शाबासकी मी तुला कळवली. कशासाठी मिळाली ते कळवलं नाही.

सरांनी सांगितलं होतं म्हणून केलं. ते म्हणाले, बाकी सगळ्या बाया शर्टात आहेत, ही एकटी वेगळी दिसते, कारखान्याचे लोक म्हणतील मुद्दाम उभी केली. मला तेव्हा बोलायला हवं होतं की ही माझी आई आहे. नोकरीला तीन महिने झाले होते, धीर झाला नाही.

तळावरच्या बायकांचं काम दाखवीन असं लिहिणारी मी. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

राजी


तळ
१६ फेब्रुवारी

राजी,

पत्र वाचलं. सरांनी सांगितलं तर करावं लागतं. आमाला बी मुकादम सांगतो तवा ताप आसला तरी फडात जावं लागतं. त्याचं मी मनात ठिवलं न्हाई.

पन दुसरंच इचारायचं हाय.

परवा तुजा त्यो करन परत आल्ता, कारखान्याचे फोटो काडाया. मला वळकलं. "मावशी, तुमीच ना जांबळ्या साडीवाल्या?" म्हनला. मी व्हय म्हनलं. म्हनला, "तुमी लई हसवलं आमाला. आमच्या सायबांनी मोट्या पडद्यावर लावलं तवा म्हनले, ही बाई उसाला आली का वरातीला? समदे पोट धरून हसलो बगा." त्याच्या मनात वंगाळ न्हवतं. चा पाजला मी त्याला.

तू माजी कोन ते मी त्याला सांगितलं न्हाई. तू तितं सांगितलं न्हाईस, मी कशाला सांगू.

समदे हसले म्हनला. तू बी तितंच आसशील. तू काय केलंस, ते त्याला इचारायचं माज्या तोंडावर आलं हुतं. न्हाई इचारलं. तुला इचारते.

आई


अहिल्यानगर
२३ फेब्रुवारी

आई,

हो. मी पण हसले.

मी तीन कागद फाडले. प्रत्येकावर आधी कारणं लिहिली होती आणि हे वाक्य शेवटी. आता ते वर लिहिलंय. कारणं तुला वाचायची नसतील तर इथेच थांब.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ईरानं विचारलं, घरी काय करतात? मी म्हणाले, "आमचं उसाचं आहे." खोटं नव्हतं. ती म्हणाली, "अरे वा, म्हणजे बागायतदार! मग नोकरी कशाला करतेस?" त्यावर मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं, सरांनी करणला. मला काहीच करावं लागलं नाही. "उसाचं आहे" एवढं बोलून मी गप्प राहिले आणि मधलं सगळं त्यांनीच भरून घेतलं. ओळखीनं नाव नको, असं मी तुला लिहिलं होतं. ते वाचून तुला माझा अभिमान वाटला असेल. ते खोटं होतं.

नंतर डिसेंबरमध्ये तुझं चित्रण पडद्यावर लागलं. तू पदर सावरलास. मला वाटलं आता तू माझं नाव घेशील. सर ते वाक्य बोलले. करण हसला, ईरा हसली. ईरा माझ्या खांद्यावर हात मारून म्हणाली, "तुमच्याकडे पण अशा येतात का गं?" मी म्हणाले, "येतात ना." आणि हसले. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी दुपारच्या चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं की जांभळ्या साडीतली बाई माझी आई आहे आणि माझे आईवडील ऊस तोडतात. करणचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मी त्यांच्याच तोंडावर सांगून आलो गं." सर म्हणाले, "आधी बोलायचं ना," आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. ईरा माझ्याकडे वळली. मला वाटलं ती माझी कीव करेल. तिनं विचारलं, "मग तू का हसलीस?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देते. हसले नसते तर त्यांना कळलं असतं.

सरांनी नंतर मूळ फाईल दिली, हवं तर बदल म्हणाले. मी दोन्ही खुणा पुसल्या. पुसल्या की लगेच चित्र पूर्वीसारखं झालं आणि तू आपल्या जागी आलीस. पण कारखान्याकडे गेलेला माहितीपट तोच राहणार. ही फाईल आता माझ्याशिवाय कुणी बघणार नाही. मी काही दुरुस्त केलं असं तुला वाटू नये म्हणून हे लिहिलं.

माफ कर असं लिहायला हात होत नाही. तू जी माफी माझ्याकडे मागितलीस, तिच्यानंतर तो शब्द मी कोणत्या तोंडानं वापरू?

राजेश्वरी


तळ
९ मार्च

राजी,

पत्र येऊन धा दिस झाले. तू म्हनलीस पायजे तर थांब. मी थांबले न्हाई, शेवटपातुर वाचलं.

खरं लिवलंस ते बरं केलंस. मला बरं वाटलं न्हाई.

मोट्यानं हसले हे लिवायची गरज हुती का? मंग वाटलं, हुती. न्हाईतर मी रोज इचारत बसले आसते, हळू हसली आसंल का, नुसतं तोंड वाकडं केलं आसंल का.

जांबळी साडी सुलीच्या पोरीला देऊन टाकनार हाय. तुज्यावर रागानं न्हाई. नेसली की मला त्यो पडदा दिसतो.

कारखान्याचा पट्टा पंदरा दिसात पडंल, ऊसतोड सपंल, मंग आमी गावाकडं जाऊ. तू पाडव्याला ये. तवर लिवू नको. कागदावर तू लई चांगलं लिवतीस, मला तितं काय बोलावं कळत न्हाई. घरी आलीस की बोलीन, न्हाईतर बोलनार न्हाई, पन ये.

एक सांगायचं राहिलं. पत्र आलं त्या दिशी अन्ना इतंच हुते. तुजं पत्र आलं की त्यांना मोट्यानं वाचून दाकवायचं आसा आमचा नेम हाय. मुक्यानं वाचलं तर म्हनत्यात, माजी पोर न्हाई का ती? त्यांना अक्षर येत न्हाई. तंबाकू मळत बसले आन् म्हनले, "वाच."

मी पत्र धरलं आन् तोंडाला ईल ते वाचलं. वाचलं, की आई, मी समद्यांला सांगितलं ही माजी आई हाय. समदे उटून हुबे राहिले. सर म्हनले, अशा आईच्या पाया पडाया पायजे.

अन्नांची तंबाकू हातातच राहिली. म्हनले, "आसं लिवलंय?"

मी म्हनलं, "व्हय."

"कुटं लिवलंय? दाकीव."

त्यांनी बोट फुडं केलं. मी त्यांचं बोट धरलं आन् पत्राच्या पयल्या वळीवर ठिवलं, जितं तू हसल्याचं लिवलंस तितं. त्यांनी तितनं बोट लई येळ उचललं न्हाई.

आई